सुनेनं नातीशी आमचं बोलणं बंद केलंय, कोर्टात जाऊ का?

पत्र असं आहे:

ताई, नमस्कार. मी ६४ वर्षांची, आम्ही कराडला असतो. एकुलता एक मुलगा एप्रिल २०२१ ला कोरोनात गेला, तेव्हा नात साडेतीन वर्षांची होती. पहिली दोन वर्षं सून आणि नात आमच्याकडेच होत्या. मग सुनेला पुण्यात नोकरी लागली, ती माहेरच्यांजवळ राहायला गेली, तरी दिवाळी आणि मे महिना नात आमच्याकडेच असायची. मागच्या वैशाखात सुनेनं दुसरं लग्न केलं. लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा आमचे हे तिला फोनवर नको ते बोलले. मुलाच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे, सून म्हणते हक्कसोडपत्रावर सही करा, हे म्हणतात आधी नात, मग सही. गणपतीपासून तिनं आमचा फोन घेणंच बंद केलंय. शाळेत नातीचं आडनावही बदललंय म्हणे. पुतण्या म्हणतो हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकू, आठ दिवसांत पोरगी घरी. अमेरिकेतला भाचा म्हणतो तिकडे आजी-आजोबांना हक्कच असतो. आम्हाला नातीचा ताबा मिळेल का? निदान भेटता तरी येईल का?
— एक आजी, कराड

काकू, आधी सरळ उत्तर देते, बाकीचं मग बोलू. ताबा मिळणार नाही. भेट मिळू शकते, आणि नीट मागितलीत तर मिळायची शक्यता चांगली आहे. पण या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात एकाच सुरात मागितल्या की दुसरीही हातची जाते, हे मी फॅमिली कोर्टात वकिली करताना इतक्या वेळा बघितलंय की आता पत्राच्या पहिल्या दहा ओळींतच कळतं गाडी कुठे निघालीये.

ताबा का नाही, तर वडील गेल्यावर आई ही मुलाची नैसर्गिक पालक, हे हिंदू अज्ञानत्व (अज्ञान म्हणजे इथे अठरा वर्षांखालचं मूल) आणि पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ मध्ये स्वच्छ लिहिलंय. आणि आईनं दुसरं लग्न केलं म्हणून तिचं पालकत्व जात नाही. ते कधी जातं हे पण त्याच कलमात आहे, धर्म सोडला तर किंवा संसार कायमचा सोडून वानप्रस्थ-संन्यास घेतला तर, हो खरंच असं लिहिलंय, आणि तुमच्या सुनेनं तर संसार नव्यानं मांडलाय, सोडला कुठे. त्यातच एक बारीक गोष्ट अशी की सावत्र वडील आपोआप नैसर्गिक पालक होत नाहीत, तेही तिथेच आहे, म्हणजे नातीचे निर्णय कायद्यानं आजही तिची आईच घेते, नवा जावई नाही. (जावई म्हटलं, तुम्हाला टोचलं असेल. पण शब्द तरी कुठला वापरू, आपल्या भाषेत या नात्याला नावच नाहीये.)

दुसरा कायदा १८९० चा, गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, इंग्रजांच्या काळातला पण आजही ताब्याच्या बऱ्याच केसेस त्याच्यावर चालतात. त्याच्या कलम १९ प्रमाणे आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाला ते अपात्र वाटत नसतील तर कोर्ट दुसऱ्या कुणाला पालक नेमूच शकत नाही. आधी तिथे फक्त वडिलांचा उल्लेख होता, २०१० मध्ये दुरुस्ती होऊन आईही आली. अपात्र म्हणजे काय तर मारहाण, व्यसन, मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष, टाकून देणं असलं काही. सासू-सासऱ्यांचा फोन न घेणं त्यात बसत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

मग आजी-आजोबांना ताबा कधी मिळतोच नाही का, तर मिळतो. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंजली कपूर केसमध्ये नातीचा ताबा आईच्या आईकडे दिला, तिथे बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आई गेली होती आणि पोरीला पहिल्यापासून आजीनंच वाढवलं होतं. २०२२ ची केस तर तुमच्या काळजाला लागेल, गुजरातमधलं एक मूल, आई आणि वडील दोघंही २०२१ च्या लाटेत गेले, हायकोर्टानं मूल मावशीकडे दिलं कारण आजोबा ७१ चे, आजी ६३ ची, आणि मावशीला सरकारी नोकरी. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, मूल वडिलांच्या आई-वडिलांकडे दिलं, आणि नुसतं वय नि पगार बघून ठरवता येत नाही असं म्हटलं. व्हॉट्सॲपवर ही बातमी "आजी-आजोबांचा विजय" म्हणून फिरली होती, तुमच्या पुतण्यानं तीच वाचली असणार. पण तिथे आईही नव्हती आणि वडीलही नव्हते, सामना आजी-आजोबा आणि मावशी असा होता. समोर आई किंवा वडील असले की चित्र बदलतं. २०२५ मध्येच एका केसमध्ये आई गेल्यावर आजोळी राहणारं मूल सुप्रीम कोर्टानं वडिलांकडे द्यायला सांगितलं, म्हणाले नैसर्गिक पालकापेक्षा आजी-आजोबांचा हक्क वरचढ होत नाही.

हेबियस कॉर्पस विसरा. तो अर्ज असतो कुणाला बेकायदेशीर डांबून ठेवलं असेल तर. आठ वर्षांची मुलगी स्वतःच्या आईजवळ, स्वतःच्या शाळेत जातेय, यात बेकायदेशीर काय? हायकोर्ट पहिल्याच तारखेला विचारेल. पुतण्याला म्हणावं तुझ्या उत्साहाबद्दल आभारी आहे, फी मात्र आमच्या पेन्शनमधून जाणार आहे.

आणि भाच्याचं अमेरिका प्रकरण. तो म्हणतो ते अर्धं खरंय, तिथे सगळ्या राज्यांत आजी-आजोबांच्या भेटीबद्दल कायदे आहेत. पण तिथली सगळ्यात गाजलेली केस ऐका, ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल, २००० साल, वॉशिंग्टन राज्य. मुलगा वारलेला, त्याच्या दोन पोरी आईकडे, आईनं पुढे दुसऱ्याशी लग्न केलं, आजी-आजोबांना महिन्यातून दोन वीकेंड मुक्कामाला पोरी हव्या होत्या, आई म्हणत होती महिन्यातून एक दिवस, मुक्काम नाही. तुमचीच गोष्ट की नाही? निकाल आईच्या बाजूनं लागला, कोर्ट म्हणालं की धडधाकट, नीट सांभाळणाऱ्या आईच्या निर्णयाला वजन द्यायलाच पाहिजे. तेव्हा तिकडचं उसनं आणून इकडे काही फायदा नाही.

आता भेटीचं. आपल्याकडे "आजी-आजोबांना भेटीचा हक्क" असं एका ओळीत लिहिलेलं कलम कुठल्याच कायद्यात नाहीये. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात सुचवलं होतं की मुलांचा आजी-आजोबांसोबतचा वेळ हाही पालकत्वाच्या कायद्यात यावा, पण ते अजून कायद्यात आलेलं नाही. तरीसुद्धा कोर्टं भेट देतात, कारण १८९० च्या कायद्यात मुलाचा कुणीही नातेवाईक अर्ज करू शकतो (कलम ८), आणि फॅमिली कोर्टाच्या कायद्यात ताब्यासोबत मुलाच्या भेटीचे अर्जही येतात. कोर्ट बघणार फक्त एक, यात मुलीचं भलं आहे का. तिथे तुमची बाजू मजबूत आहे, कारण ती दोन वर्षं तुमच्या घरात वाढली, नंतरही दिवाळी, मे महिना तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही तिला अनोळखी नाही आहात. बाप गमावलेल्या पोरीला बापाकडची माणसंही एकदम दिसेनाशी व्हावीत यात तिचं काय भलं, हा तुमचा मुद्दा, आणि एवढाच. "आमचा वंश", "आमचं रक्त", "आमच्या मुलाची शेवटची खूण" हे शब्द अर्जात येऊ देऊ नका, वकील घालेल, तरी काढायला लावा. जज ते वाचतात आणि त्यांना वाटतं यांना पोरगी नकोय, मुलगा परत हवाय. खोटंही नसतं ते, पण पोरीनं ते ओझं का उचलावं.

अर्ज पुण्यात करावा लागेल, कारण मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट. शिवाजीनगरला फॅमिली कोर्ट आहे. कराडला बसून केस चालवू म्हणणारा वकील भेटला तर चहा पिऊन निघून या. मुख्य अर्जासोबत तात्पुरत्या भेटीचा अर्ज वेगळा द्यायचा, मुख्य निकालाला वेळ लागतो आणि आठ वर्षांची पोर तोवर दहाची होते, तुम्ही तिच्या आठवणीतून पुसट होत जाता, म्हणून तात्पुरता आदेशच खरा महत्त्वाचा. कोर्टात समुपदेशक असतात, ते दोन्हीकडच्यांशी बोलतात, कधी मुलीशीही बोलतात, आणि मूल समजण्याइतकं मोठं असेल तर जज त्याची इच्छाही विचारात घेऊ शकतात. तिथे भांडू नका. समुपदेशकासमोर सुनेचा उद्धार करणारी सासू मी इतक्यांदा बघितलीये, आणि समोरचा माणूस शांतपणे लिहून घेत असतो.

आणि हे फार कमी जणांना माहितीये, बाईमाणसाला सरकारी मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुमच्या नावानं अर्ज करा, काकांच्या नावानं नाही. तिथेच केस टाकायच्या आधी मध्यस्थीसाठीही अर्ज देता येतो, आणि मी तर म्हणेन पहिली पायरी तीच. कोर्टाची नोटीस नव्या सासरच्या दारात गेली की सुनेच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? दार अजून घट्ट लावलं असतं. मध्यस्थीचं बोलावणं जरा मऊ लागतं.

मागायचं काय ते पण नीट ठरवा. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, ठरलेल्या वाराला, पंधरा-वीस मिनिटं. महिन्यातून एक किंवा दोन शनिवार, सुरुवातीला दोन-तीन तास, पुण्यातच, हवं तर कोर्टातल्या मुलांच्या खोलीत किंवा सून सांगेल त्या बागेत. वाढदिवस, आणि तिच्या बाबाचं वर्षश्राद्ध, पण श्राद्धाला तिला न्यायचंच असा हट्ट नको. मे महिन्यात आठवडाभर कराड, हे वर्षभरानंतर, भेटी सुरळीत झाल्या तर. एकदम पंधरा दिवस मागाल तर नकार, आणि पहिला नकार कागदावर आला की तो पुसायला फार वेळ जातो. माझ्याकडे एक आजोबा होते, पहिले सहा महिने फक्त दर महिन्याला दोन तास, तेही कोर्टाच्या आवारात, ते गावाकडून उकडलेल्या शेंगा घेऊन यायचे आणि नातवाबरोबर सोलत बसायचे, बोलायचे फार नाही. सातव्या महिन्यात त्या पोराच्या आईनंच सांगितलं, इथे नको, घरी या.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य, जे तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. "आमचे हे तिला फोनवर नको ते बोलले." काकू, भेट तिथे थांबलीये. तिशीतली बाई, नवरा गेलेला, चार वर्षं एकटीनं पोर सांभाळून परत लग्नाला उभी राहिली, आणि ज्यांना बाबा म्हणायची त्यांच्याकडून ते ऐकलं. काकांचं दुःख मला कळतं, त्यांना मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असेल. पण ते कळणं सुनेचं काम नाही. माफी मागायला सांगा. तुम्ही नाही, त्यांनी. तुम्ही त्यांच्या वतीनं मागितलेली चालणार नाही, तिला ते लगेच कळेल.

आणि फ्लॅट. हा वेगळा विषय आहे हे आधी मनात पक्कं करा. मुलगा मृत्युपत्र न करता गेला असेल आणि फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर वारस तिघी, बायको, मुलगी आणि आई, म्हणजे तुम्ही, प्रत्येकीला एक तृतीयांश. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येतच नाहीत, म्हणजे काका ज्या सहीवर अडून बसलेत ती सही त्यांची नाहीचे, तुमची आहे. हे त्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

"आधी नात, मग सही" हे वाक्य मेसेजमध्ये कुठे लिहिलेलं असेल तर सुनेचा वकील त्याचा पहिला कागद तोच लावेल, आणि जजला वाटेल हे पोरीचा भाव लावतायत. उलट सुनेलाही "सही दिली तरच भेट" म्हणता येणार नाही, पण आपण आधी आपलं घर झाडू. मला विचाराल तर तुमचा एक तृतीयांश सुनेला सोडू नका आणि अडवूनही ठेवू नका, नातीच्या नावानं बक्षीसपत्र करा. महाराष्ट्रात राहण्यासाठीचं घर नातीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार नि नोंदणीचा खर्च वेगळा. मग फ्लॅटमध्ये पोरीचे दोन वाटे झाले, आणि अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६ च्याच कायद्याचं कलम ८. नातीची काळजी खरी असेल तर ती अशी कागदावर दिसू दे. मात्र हे करायच्या आधी तुमच्या म्हातारपणाची सोय बघा, तो वाटा हीच तुमची पुंजी असेल तर माझं हे ऐकू नका, तसाच राहू द्या, फक्त भेटीशी जोडू नका.

आडनावाचं मात्र सोडून द्या. २०२२ मध्ये आंध्रची एक केस सुप्रीम कोर्टात गेली होती, बाप गेला तेव्हा मूल अडीच महिन्यांचं, आईनं दुसरं लग्न केलं, आजी-आजोबा पालकत्व मागायला कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं पालकत्व नाकारलं पण भेटीची मुभा दिली. मग वाद आडनावावर गेला, हायकोर्टानं जुनं आडनाव लावायला सांगितलं, आणि सुप्रीम कोर्टानं ते रद्द करून सांगितलं की आडनाव ठरवायचा अधिकार आईचा, आणि नव्या नवऱ्याची नोंद "सावत्र वडील" अशी करायला लावणं हे तर क्रूर आहे. बघा, भेट मिळाली होती, आडनावावर मात्र हरले. तुमच्या नातीला वर्गात हजेरीला रोज एक आडनाव आणि घरी दुसरं, आणि "का?" म्हणून मैत्रिणींना उत्तर द्यायचं, हे आईला टाळायचं असेल, तेवढंच असू शकतं.

त्याच केसमध्ये पुढे सावत्र वडिलांनी मूल रीतसर दत्तकही घेतलं होतं. तुमच्याकडे तसं होऊ शकतं. झालं तर हिंदू दत्तक कायद्यानं तिचं कुटुंब बदलतं, पण तिच्या नावावर आधी आलेला फ्लॅटचा वाटा तिचाच राहतो. तुमची भेटीची बाजू मात्र कमजोर होते. म्हणून बसून वाट बघू नका, पण धावतही सुटू नका.

शाळेच्या गेटवर उभं राहणं, शेजारणीकरवी चौकशा, नातीच्या हातात चोरून मोबाईल देणं, फोनवर तिला "तुला तिथे आवडतं का गं" विचारून रेकॉर्ड करणं, यातलं काही केलं असेल तर आजपासून बंद. पोरीला खरंच त्रास होतोय अशी ठोस शंका असेल तर १०९८ वर फोन करा, बाल कल्याण समिती बघेल, तो वेगळा रस्ता आहे आणि तो नुसत्या रागापोटी वापरायचा नाही, आरोप खोटा निघाला तर भेटीचं दार कायमचं बंद होतं.

या आठवड्यात एवढंच करा. काकांची माफी, एका ओळीची, त्यांच्या फोनवरून. दोन दिवसांनी तुमचा मेसेज, सुनेला, साधा. असं काहीतरी: "तुझा संसार सुखाचा होऊ दे. फ्लॅटचं आपण वकिलासमोर बसून नीट करू, त्यासाठी तुला अडवणार नाही. चिऊशी आठवड्यातून एकदा बोलता आलं तर बरं वाटेल, वेळ तू ठरव." चिऊच्या जागी तुम्ही जे म्हणत असाल ते. उत्तर नाही आलं तर तीन आठवडे थांबा, परत एकदा विचारा, मग विहीणबाईंशी बोला, त्याही एका मुलीच्या आई आहेत आणि नातीची दुसरी आजी आहेत, त्यांना पटलं तर निम्मं काम झालं. तरीही काहीच नाही, तर विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज, आणि त्यानंतरच कोर्ट. तोवर जुने फोटो, तिच्या बालवाडीच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, जे काय कराडच्या कपाटात असेल ते एका फाईलला लावून ठेवा.

आणि पहिल्या भेटीचा योग आला तर तिच्या बाबाच्या फोटोंचा अल्बम नेऊ नका, तो तिसऱ्या-चौथ्या भेटीला, ती मागेल तेव्हा. तिला सध्या काय आवडतं ते न्या. काय आवडतं हे माहीत नसेल, इतक्या महिन्यांत बदललं असेलच, तर सुनेलाच विचारा.